खुलासा : फॅनी लू हेमर यांचं भाषण मुख्य मंचावरचं नव्हतं

फॅनी लू हेमर या अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या, कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या 1964 च्या अटलांटिक सिटी अधिवेशनाबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘हेमर यांनी मुख्य मंचावरून भाषण केलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ते कायमचं दाबलं.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अधिवेशन 24 ते 27 ऑगस्टला झालं. हेमर बोलल्या 22 तारखेला, प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या समितीपुढे. त्या साक्षीचा फोटो नीट बघा: त्या टेबलाशी बसल्यात, समोर माइक. मिसिसिपीने फक्त गोरे प्रतिनिधी पाठवले होते; त्यांच्या जागी आपल्या गटाला बसवा, अशी मागणी करणारी ती साक्ष होती. साक्ष सुरू असतानाच जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांसमोर येऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले. पण डाव उलटला. वाहिन्यांनी रात्री तीच साक्ष दाखवली.

ही मागणी मान्य झाली, हेही खरं नाही. देऊ केल्या प्रतिनिधींच्या फक्त दोन जागा, त्याही मिसिसिपीच्या नावाने नव्हेत. हेमर यांच्या गटाने त्या नाकारल्या.

आणि ‘अधिवेशनात बीटल्स (ब्रिटिश बँड) गायले’ म्हणे! समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावरचा, 1929 साली उघडलेला हा हॉल (आजचा बोर्डवॉक हॉल) तोच, पण त्यांचा कार्यक्रम 30 ऑगस्टचा, अधिवेशन संपल्यावर तीन दिवसांनी.