विषय : भेटीची वेळ मिळणेबाबत

डोंबिवलीत एखाद्याला 'ठाण्याला जा' म्हणणं ही चक्क शिवी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभं आहे, त्यामुळे या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माझी पंचाईत अशी, की मी रोज ठाण्यालाच जातो. एका सहकारी बँकेच्या तिथल्या शाखेत कर्ज विभाग सांभाळतो. दिवसभर समोरच्याला विचारायचं, उत्पन्न किती, देणी किती, जामीनदार कोण. आणि घरी येऊन रात्री तीनला टक्क जागं व्हायचं. छातीत धडधड. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉइड झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरांना आनंद होतो आणि पेशंटला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. शेवटी आमचे फॅमिली डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "एखाद्या काउन्सेलरला भेटा. वेडबिड काही नाही हं." त्यातला 'हं' मला फार लागला.

भेटा म्हणणं सोपं आहे. कोणाला? मुलाला क्लास लावायचा असला तर आपण अख्ख्या सोसायटीला विचारतो. हॉल बुक करायचा तर आधी त्या हॉलमध्ये जेवून येतो. पण इथे तोंड उघडायची सोय नाही. मग मी रात्री तीनला उठायचोच, त्या वेळात अभ्यास केला. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमडी झालेला डॉक्टर, औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. आणि 'समुपदेशक' ही पाटी लावायला आपल्याकडे कोणी कोणाला फारसं अडवत नाही. आमच्याच रस्त्यावर एक फलक आहे, 'पत्रिका, वास्तुदोष, विवाहजुळणी व समुपदेशन', आणि खाली बारीक अक्षरात 'झेरॉक्स'.

अखेर स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका बाईंचा नंबर मिळाला. फोन करावा तर शाखेत कान फार. म्हणून मेसेज लिहायला घेतला, आणि हाताला वीस-बावीस वर्षांची सवय असल्यामुळे तो असा उतरला : 'महोदया, विषय : भेटीची वेळ मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकारास गेले काही महिने झोप येत नाही. तरी आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' जावक क्रमांक तेवढा राहिला. उत्तर आलं, 'नमस्कार. बुधवारी संध्याकाळी ७ ला जमेल का?' त्यावर मी धीर करून शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारला. वाटलं, बाई चिडतील. त्यांनी दोन्ही लगेच पाठवलं आणि वर लिहिलं, 'विचारलंत ते बरं केलंत.' आयुष्यात पहिल्यांदाच केवायसी मागितल्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली.

फी दीड हजार. वेळ पन्नास मिनिटं. तास का नाही, तर उरलेल्या दहा मिनिटांत त्या नोंदी लिहितात आणि पाणी पितात. पन्नासनं भागलं की मिनिटाला तीस रुपये पडतात, आणि हा हिशोब एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बोला, काय चाललंय?" आणि मी समोरच्या मनीप्लांटकडे बघत नव्वद रुपये गप्प बसलो. घसा खाकरण्यात पंधरा गेले. "तसं विशेष काही नाही" हे सांगण्यात आणखी.

फी जड जात असेल तर कमी करता येईल, असंही त्या म्हणाल्या. इथे माझ्यातले दोन माणूस भांडायला लागले. एक भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर टाकून घेणारा, दुसरा 'आम्ही काय गरीब दिसतो का' म्हणणारा. दुसरा जिंकला, अर्थात. पण मला धक्का वेगळाच बसला. "सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला कुठला लागतो?" मी विचारलं. "काहीच नाही. तुम्ही सांगाल ते." नुसत्या शब्दावर! आमच्याकडे असा कारभार केला तर रिझर्व्ह बँक पहिल्या तिमाहीत टाळं लावील.

विम्याचंही विचारून ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ सांगतं, की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्या. मी पॉलिसी काढून बसलो. कायदा बरोबर, कंपनीही बरोबर. फक्त माझ्या पॉलिसीत पैसे मिळतात ते दवाखान्यात दाखल झाल्यावर, आणि नुसतं जाऊन बोलून येणं हे ओपीडीत मोडतं. म्हणजे अ‍ॅडमिट होण्याइतकं बिघडलात तर कॅशलेस, बिघडू नये म्हणून गेलात तर स्वखर्चानं. ही शहाण्यांची योजना आहे आणि उपचार मला घ्यायचेत. ज्याला हा खर्च परवडत नाही त्याच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तीन वाजता जागणाऱ्यांनी नंबर लिहून ठेवावा. तीनला दुसरं कोण फोन उचलणार?

मग फॉर्म आला. लोकांना फॉर्म भरायला लावण्यात माझी हयात गेली, पण 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यापाशी पेन थांबलं. हा सरळसरळ जामीनदार. बायकोचं नाव लिहिलं तर तिला सांगावं लागणार, न लिहिलं तर ती म्हणणार, माझं नाव का नाही लिहिलं. खाली गोपनीयतेचा मजकूर होता. इथलं बोलणं इथेच राहील. अपवाद फक्त माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर, कारण तिथे पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि कोर्टानं मागितलं तर. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचून सही केली. आमच्या कर्जदारांनी करारपत्र असं वाचलं असतं तर निम्मी कर्जं गेलीच नसती.

गोपनीयता कागदावर झाली, जिन्यात काय? बाईंचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, पहिल्यावर दातांचा दवाखाना. ओळखीचं कोणी दिसलं की मी पहिल्या मजल्यावर वळायचो आणि गालाला हात लावून बाकावर बसायचो. घरी आईलाही तेच सांगितलं होतं, दातांचं काम चालू आहे. त्याचा परिणाम असा, की बुधवारी माझ्या ताटात मऊ भात आणि मेतकूट. बायकोला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण खातं जॉइंट, आणि दर व्यवहाराचा एसएमएस दोघांच्या फोनवर जाईल अशी व्यवस्था मीच केलेली. ती रागावली वगैरे नाही. फक्त दर बुधवारी रात्री ओटा पुसता पुसता विचारते, "माझ्याबद्दल काय सांगितलंस?" काही नाही म्हटलं तर, "म्हणजे माझा विषयच निघत नाही?"

भेट रद्द करायची तर चोवीस तास आधी कळवा, नाहीतर पूर्ण फी. नियम रास्त आहे, त्यांचा तो तास रिकामा जातो. पण मध्य रेल्वेनं दिव्याला सिग्नल बिघडणार असल्याचं मला कधी चोवीस तास आधी कळवलेलं नाही. हे मी मुंब्र्याच्या अलीकडे एका पायावर उभा राहून त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, एवढ्या वेळेस सोडते, आणि पुढे कधी अडलं तर ऑनलाइन करू.

ऑनलाइन! वन-बीएचकेत चार माणसं. हॉलमध्ये आईची मालिका, आतल्या खोलीत मुलाचा अभ्यास, स्वयंपाकघरात बायको. बाथरूममध्ये आवाज घुमतो. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी, मी सकाळी दहाला हेडफोन लावून गच्चीवर गेलो. तिथे पांढऱ्या धोतरांवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि टाकीच्या सावलीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काठी घेऊन राखणीला.

"आजूबाजूला कोणी आहे का?" बाईंनी स्क्रीनवरून विचारलं. हे त्या दर वेळी विचारतात.

"कावळे आहेत," मी म्हणालो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सरकलो.

गेल्या वेळचा विषय बाबांचा होता. बाईंनी काहीतरी विचारलं, आणि मी, बहुधा जरा मोठ्यानं, म्हणालो, "नाही, बाबा गेल्यावर मी रडलोच नाही."

मागून आवाज आला, "रडायचंय काय त्यात? चौऱ्याऐंशीचे होऊन गेले, सोनं झालं त्यांचं! आणि तुला वेळ तरी कुठे होता? भटजी, मंडप, दाखला, सगळं तूच बघत होतास. मी बघितलंय ना."

"कोण बोललं?" बाई.

"काकू आहेत. कुरडया घातल्यात."

स्क्रीनवर थोडा वेळ शांतता. साधारण साठ रुपयांची. मग बाई म्हणाल्या, "आज इथेच थांबू या. बुधवारी प्रत्यक्ष भेटू. पण त्यांनी म्हटलं ते लक्षात ठेवा, 'वेळ कुठे होता' ते. तिथून सुरू करू." फोन ठेवला तर काकू म्हणाल्या, "कोण, इन्शुरन्सवाली का? थांब, चीक उरलाय, खाऊन जा." भांड्यात तळाशी लागलेला गरम चीक, वर तूप. मी खाल्ला.

मला आवडतं ते गृहपाठाचं. विचारांची वही : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूनं पुरावा, विरुद्ध पुरावा. याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरन बेक या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात ही पद्धत काढली. त्यांनी ती माझ्यासारख्यांसाठीच काढली असावी, कारण रकाने दिसले की मला बरं वाटतं. 'शाखेचा एनपीए, म्हणजे थकीत कर्जं, वाढेल आणि मला काढून टाकतील.' भीती ८०. बाजूनं पुरावा : एक चिडका मेल. विरुद्ध पुरावा : मेल सगळ्यांनाच आलाय, आणि आमच्याकडून आजवर कोणाला काढलेलं नाही, अगदी काढायला हवं होतं त्यालाही. मी एक्सेलमध्ये शीट केली, खाली बेरीज घेतली. बाई बघून हसल्या आणि म्हणाल्या, भावनांची बेरीज नसते घ्यायची. मी ती ओळ डिलीट केली नाही, फक्त लपवून ठेवलीय.

किती दिवस चालेल, हेही विचारलं. कर्जाची मुदत न सांगता कोणी हप्ते सुरू करतं का? अशा पद्धतीला साधारण सहा ते वीस बैठका, म्हणाल्या, मग बघू. संपल्यावर 'नो ड्यूज'चं पत्र मात्र मिळत नाही. झोप? तीनचे पावणेपाच झालेत. पावणेपाचला दूधवाला येतो, म्हणजे निदान सोबत आहे.

सध्याची अडचण वेगळी आहे. आई परवा म्हणाली, "इतके दिवस जातोस, दात तर होते तसेच दिसतात. डॉक्टर बरा दिसतोय, काही तोडफोड करत नाही. मलाही घेऊन चल, कवळी ढिली झालीय." नाही कशी म्हणणार? खालच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट मला आता बाकावरून ओळखते. तिनं आईला बुधवारी साडेसहाची वेळ दिलीय. माझी सातची आहे. कवळी घट्ट करायला किती वेळ लागतो, तेवढं विचारायचं राहिलं.