२०२४ चा सर्वोत्तम गेम: माझं मत 'बलाट्रो'ला

डिसेंबरात लॉस एंजेलिसला झालेल्या गेम अवॉर्ड्स या व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांमध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉट' वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. गेम उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. तरीही माझं मत 'बलाट्रो'ला आहे. पत्त्यांचा गेम आणि वर्षातला सर्वोत्तम? हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

गेम निवडताना मी एकच गोष्ट बघते: खेळणाऱ्याच्या निर्णयाला तिथे किती किंमत आहे? चित्रं सुंदर असणं, संगीत भारावून टाकणारं असणं, कथा रडवणारी असणं हे सगळं मला आवडतं, पण ते सिनेमाही देतो. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं असतं तर पुढचं सगळं बदललं असतं, आणि हे मला दाबताना ठाऊक होतं, हा अनुभव फक्त गेम देतो. या कसोटीवर २०२४ मध्ये 'बलाट्रो'च्या जवळपास दुसरं काही येत नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात आठ पत्ते येतात, त्यातले जास्तीत जास्त पाच टाकायचे. जोडी, त्रिकूट, ओळीने पाच, एकाच रंगाचे पाच (म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक), असे पोकरचे हात जुळवायचे. पोकर येत नसेल तरी अडत नाही, कुठला हात किती गुणांचा हे गेम समोरच दाखवतो. राजांची जोडी टाकली तर जोडीचे १० आणि दोन राजांचे २० मिळून ३०, गुणिले २ (हा जोडीचा गुणक), म्हणजे ६० गुण. पहिल्या फेरीला ३०० हवेत आणि टाकायला मिळतात चार हात. नुसत्या जोड्यांवर भागत नाही. फेरी जिंकली की गेममधल्याच पैशांनी दुकानातून जोकर विकत घ्यायचा. सगळ्यात साधा जोकर त्या गुणकात ४ मिळवतो. तीच राजांची जोडी आता ३० गुणिले ६, म्हणजे १८० होते.

असे जोकर १५० आहेत आणि सुरुवातीला एका वेळी पाचच ठेवता येतात. खरा खेळ इथे सुरू होतो. समजा एक जोकर गुणकात ४ मिळवतो आणि दुसरा गुणकाला ३ ने गुणतो. जोकरांची किंमत डावीकडून उजवीकडे मोजली जाते. मूळ गुणक २ असेल आणि मिळवणारा जोकर डावीकडे असेल तर होतात १८. तेच जोकर उलटे मांडले तर १०. पत्ते तेच, जोकर तेच, फक्त जागा बदलली! तिसरी-चौथीतलं गणित आहे हे, पण ते स्वतःच्या हाताने सापडतं तेव्हा जो आनंद होतो तो मला वर्षभरात कुठल्याही भव्य लढाईत मिळाला नाही.

त्यातच पैशांचं गणितही आहे. दर पाच डॉलर शिल्लकीवर एक डॉलर व्याज मिळतं, एका फेरीला जास्तीत जास्त पाच. म्हणजे आत्ता समोर दिसतोय तो जोकर घ्यायचा, की व्याजासाठी दम धरायचा? आणि प्रत्येक तिसऱ्या फेरीला एक बॉस येतो जो आपल्या आवडत्या योजनेवरच घाव घालतो. एक बॉस बदामाचे सगळे पत्ते निकामी करतो. सगळी मदार बदामांवर ठेवली असेल तर डाव तिथेच संपतो. पण हा बॉस येणार हे आधी दिसतं, तयारीला दोन फेऱ्या मिळतात. हरल्यावर नशिबाला दोष देता येत नाही, चूक कुठे झाली ते लख्ख कळतं. तीन फेऱ्यांचा एक टप्पा; आठव्या टप्प्याच्या बॉसला हरवायला किमान एक लाख गुण लागतात, आणि ६० गुणांच्या जोडीपासून तिथवर जायचा रस्ता दर वेळी नवा बनवावा लागतो.

हे सगळं एका माणसाने बनवलंय. लोकलथंक या टोपणनावाने तो कॅनडात काम करतो, खरं नाव त्याने जाहीर केलेलं नाही. फेब्रुवारीत गेम आला आणि महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेम, सर्वोत्तम पदार्पण आणि सर्वोत्तम मोबाइल गेम असे तीन पुरस्कार मिळाले. मुख्य पुरस्काराच्या सहा नामांकनांतही तो होता.

आता 'अ‍ॅस्ट्रो बॉट'. टोकियोच्या टीम असोबीने जे केलंय त्याला तोड नाही. प्रत्येक पातळीवर नवी कल्पना: कधी बेडकाचे ठोसे, कधी उंदराएवढं छोटं होणं. आणि ती कल्पना कंटाळा येण्याआधीच बाजूला ठेवण्याचा संयम. हातातल्या कंट्रोलरच्या थरथरीतून पायाखाली वाळू आहे की धातू ते कळतं. एका मित्राच्या घरी तो खेळताना मी खूप हसले. पण तो सोनीच्या पीएस५ या गेमयंत्राशिवाय कुठेच खेळता येत नाही, आणि २०२४ मध्ये आपल्याकडे डिस्कवाला पीएस५ ५४,९९० रुपयांना होता. गेमची गुणवत्ता यामुळे कमी होत नाही हे मान्य. पण माझ्या यादीत तो दुसरा का, याचं कारण वेगळंच आहे: तिथे काय करायचं ते बहुतेक वेळा ठरलेलं असतं, ते सुंदर रीतीने पार पाडायचं असतं.

तिसरा 'अ‍ॅनिमल वेल'. बिली बासो या एकट्या माणसाने सात वर्षं खपून, गेम चालवणारं इंजिन नावाचं सॉफ्टवेअरही स्वतःच लिहून केलेला हा गेम ४० एमबीसुद्धा भरत नाही. कुठलंही बटण काय करतं ते तो सांगत नाही. त्यातलं एक कोडं तर ५० तुकड्यांचं आहे आणि एका खेळाडूला एकच तुकडा मिळतो, म्हणजे अनोळखी लोकांनी एकत्र येऊनच ते सोडवायचं. असं धाडस मोठ्या कंपन्या करत नाहीत.

चौथ्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' जानेवारीत आला, आणि वर्षअखेरीला लोक तो विसरून गेले. नकाशावर अडलेल्या जागेचा फोटो चिकटवून ठेवायची सोय त्याने दिली. "तो बंद दरवाजा कुठे होता?" हा बंद वाटा शोधत फिरायच्या गेममधला कायमचा वैताग त्यामुळे संपला. इतकं नेमकं काम करणारा तो चमू ऑक्टोबरपर्यंत विसर्जितही झाला होता. वर्षाच्या याद्या बनवणाऱ्यांनी जानेवारीपासून सुरुवात करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

'ब्लॅक मिथ: वुकाँग'चे चाहते रागावतील. त्याच्या लढाया देखण्या आहेत, खेळाडूंच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार त्यालाच मिळाला. पण अदृश्य भिंतींना धडकत फिरणं मला पटलं नाही. 'एल्डन रिंग'चा 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हा पुढचा जोडभाग मी यादीत घेतलेलाच नाही: तो खेळायला २०२२ चा मूळ गेम आधी विकत घ्यावा लागतो आणि त्यातही बराच पुढे जावं लागतं. अशा जोडभागाला नामांकन द्यायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीचा 'इंडस' हा गेम ऑक्टोबरात आला याचा आनंद मोठा आहे, पण आपल्या गावचा म्हणून मी कुणाला वरची जागा देणार नाही. त्यांनाही तसं मत नकोच असेल.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. गेम कुठल्या वयासाठी ते ठरवणाऱ्या युरोपातल्या पेगी या संस्थेने २०२४ मध्ये 'बलाट्रो'ला १८ वर्षांवरील असा शिक्का मारला होता, कारण पोकरचे हात; तो २०२५ मध्ये हटला. यात खरे पैसे लावता येत नाहीत, एकदा गेम घेतला की आत खऱ्या पैशांनी काहीही विकत घ्यावं लागत नाही, जाहिराती नाहीत. उलट आत कोणता फुटबॉलपटू निघेल हे नशिबावर असलेली बंद पाकिटं खऱ्या पैशांनी विकणाऱ्या फुटबॉलच्या गेमला तीच संस्था तेव्हा ३ वर्षांवरील म्हणत होती. आपल्याकडे रमीच्या अ‍ॅपच्या जाहिरातींनी घरोघरी जी धास्ती बसवलीय ती रास्त आहे, म्हणून मुलाच्या फोनवर पत्ते दिसले की आई-बाबा दचकणारच. त्यांनी शेजारी बसून अर्धा तास पाहावं. मुलगा गुणाकार करताना दिसेल.

ज्यांच्याकडे साधा लॅपटॉप किंवा फक्त फोन आहे त्यांनी यातूनच सुरुवात करा. सप्टेंबर २०२४ पासून तो अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे. पहिले काही डाव हराल. तेव्हा सगळे पत्ते सांभाळत बसू नका, एक हात ठरवा, दुकानातले ग्रहांचे पत्ते घेऊन त्याचीच पातळी, म्हणजे त्याचे गुण, वाढवा, आणि सुरुवातीला उपयोगी पडलेला जोकर पुढे कामाचा राहिला नाही की विकून टाका.