कोकम, चहा, हळदीचं दूध: सगळ्यांना एकच औषध?

‘टेबलक्लॉथवर चहा, कॉफी, सरबत काहीही सांडू द्या. लगेच मीठ टाकून चोळा, लिंबू आणि खायचा सोडा लावा, वरून उकळतं पाणी ओता. तरी हटला नाही तर व्हिनेगरमध्ये थोडं ब्लीच. दोन मिनिटांत डाग गायब!’ घरोघरी पाहुणे यायला लागले की हा मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास फिरतो.

आधी शेवटचा उपाय बघू, कारण तो नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. घरातलं लिक्विड ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगर, लिंबू असं कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये बादलीवर वाकून हे केलंत तर डोळे चुरचुरतील, श्वास कोंडेल. त्यापेक्षा डाग राहिलेला परवडला.

मिठाचं म्हणाल तर ते थोडी ओल शोषतं, रंग काढत नाही. कोरडा पंचा तेच काम जास्त चांगलं करतो. आणि चोळायचं मुळीच नाही. चोळलं की डाग धाग्यात मुरतो. पंचा दाबून टिपत जा, कडेकडून मध्याकडे.

लिंबू आणि सोडा एकत्र आले की मस्त फसफसतं आणि काहीतरी जबरदस्त चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळी होतात. नुसता सोडा लावलात तर आणखी गंमत. कोकम सरबताचा लाल डाग निळसर-हिरवट होतो, कारण कोकमातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कलीत निळं दिसतं. डाग आहे तिथेच, रंग तेवढा बदलला. हळदीच्या दुधाच्या पिवळ्या डागाला साबण लागला की त्यातल्या अल्कलीने तो लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका. हळद उन्हात उडते.

उकळत्या पाण्यात मात्र तथ्य आहे. पांढऱ्या सुती कापडावर कोरा चहा सांडला असेल तर हा जुना उपाय चालतो. पण आपल्याकडचे बहुतेक टेबलक्लॉथ रंगीत किंवा छापील, त्यांचा रंग उतरायची भीती. शिवाय आपला चहा दुधाचा, म्हणजे स्निग्धांशही आला. त्यामुळे आधी उलट्या बाजूने नळाचं गार पाणी सोडा, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि खळबळून घ्या. तरीही टॅनिनची, म्हणजे चहातल्या रंग सोडणाऱ्या तुरट द्रव्याची, तपकिरी छटा उरलीच, तर पांढऱ्या सुती कापडावर केमिस्टकडचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही आधी कोपऱ्यावर लावून बघून.

मेसेजमध्ये इस्त्रीचा उल्लेखच नाही. लिंबू सरबत वाळलं की दिसत नाही, पण साखर कापडात राहते आणि गरम इस्त्रीखाली पिवळी-तपकिरी पडते. म्हणून ‘काही दिसत नाही’ म्हणून सोडू नका. सरबत सांडलेला भाग इस्त्रीआधी पाण्यातून काढाच.