"जड होशील" म्हणणं आता तरी थांबवा

आज सकाळी ग्राउंडवर पंधरा वर्षांच्या एका मुलीला तिचे कोच सांगत होते, "वजनं उचलू नकोस, जड होशील, स्पीड जाईल." ती मान डोलावून गप्प. माझं डोकं जे सटकलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

शब्दन्‌शब्द हेच मी एकोणिसाव्या वर्षी ऐकलं होतं. २०० मीटरची फायनल, कर्व्ह संपवून सरळ आले आणि मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं, मी खरंच वळून बघितलं कोणी मारला ते. हॅमस्ट्रिंग फाटली होती. उपाय काय सांगितला, तर स्ट्रेचिंग वाढव. वाढवलं. पुढच्या सीझनला तोच पाय, तीच जागा.

अहो, २०१४ मध्ये २५ ट्रायल्स आणि २६ हजारांवर लोकांचा डेटा एकत्र तपासून झालाय. स्ट्रेचिंगने इंज्युरी टळल्याचं दिसलं नाही आणि स्ट्रेंथ ट्रेनिंग करणाऱ्यांच्या इंज्युरी एक तृतीयांशाच्याही खाली आल्या! २०१९ मध्ये परत तेच, ट्रेनिंगमध्ये नॉर्डिक (गुडघ्यांवर ताठ राहून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) असलेल्या टीम्समध्ये हॅमस्ट्रिंगच्या इंज्युरी जवळपास निम्म्यावर. नॉर्डिकला लागतं काय, तर गुडघे टेकायला मॅट आणि टाचा धरायला एक माणूस. माझ्या टाचा कुणी धरल्या असत्या तर?

आणि जड कुठून होणार? सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः नर्व्हज आहे त्याच स्नायूला जास्त जोरात कामाला लावायला शिकतात म्हणून. लांब पल्ल्याचे रनर्ससुद्धा हेवी लिफ्टिंग करून त्याच पेसला कमी ऑक्सिजनमध्ये पळतात, वजन फारसं न वाढता. बरं, एन्ड्युरन्स आणि वेट्स भरमसाट एकत्र केले तर ताकद वाढायची थांबते हे १९८० मध्येच हिक्सन नावाच्या संशोधकाने दाखवलंय, मान्य. पण त्यातही दमसास कमी झाला नव्हता. आणि टेक्निक शिकवणारं कोणी नसताना पोरांनी वजनांच्या बारखाली जाऊ नये, हेही मान्य. मग शिकवा ना! नाही कशाला म्हणता?

एवढं लिहिल्यावर माझे कोच आठवले. रेसच्या आधी माझ्या स्पाइक्सचे खिळे ते स्वतः एकेक करून घट्ट करायचे. फाटली त्या दिवशी ट्रॅकवरून मला उचलून आणलं तेही त्यांनीच. त्यांना जे शिकवलं गेलं तेच त्यांनी मला सांगितलं, त्यांच्यावर राग धरणं मला जमत नाही. पण आजच्या कोचवर आहे, कारण आज हे सगळं मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतं.

सकाळचे ते कोच निघून गेल्यावर मी त्या मुलीकडे आणि तिच्या आईकडे गेले. आईने टाचा धरल्या, ती गुडघ्यांवर ताठ, हळूहळू पुढे झुकत आली आणि अर्ध्यातच धपकन हातांवर पडली. दुसऱ्यांदा जरा खालपर्यंत धरून ठेवलं. म्हटलं आज एवढंच, पहिल्यांदा केलं की उद्या मांड्या भरतात. तर म्हणते, "काकू, अजून एकदाच."