गवताला तासाचा दर

आमच्या वॉशिंग मशीनच्या जाळीत सध्या एका ट्रकचा अर्धा टायर आहे. उरलेला अर्धा चिरंजीवांच्या बुटांत, मोज्यांच्या घडीत, स्कूटरच्या डिकीत आणि, कसा कोण जाणे, फ्रिजमधल्या भाजीच्या ट्रेमध्ये. बायकोने केर काढताना सुपलीत ते काळे दाणे पहिल्यांदा पाहिले तेव्हा स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अहो, मोहरी सांडलीत का?" मी एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो दबला आणि सोडल्यावर पुन्हा फुगला. मोहरी असं करत नाही.

हा माल टर्फवरून, म्हणजे फुटबॉलच्या भाड्याच्या मैदानावरून येतो. प्लास्टिकच्या हिरव्या पात्यांचा गालिचा, पाती ताठ राहावीत म्हणून बुडाशी वाळू आणि वर जुन्या टायरांचा चुरा. चेंडूने भलत्या उड्या मारू नयेत, पडणाऱ्याची हाडं शाबूत राहावीत, हा त्यामागचा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही, फक्त चुरा जागेवर राहत नाही. चेंडूने टप्पा खाल्ला की काळा फवारा उडतो आणि घरी जाताना प्रत्येक खेळाडू मूठभर मैदान सोबत नेतो. हाच चुरा पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि तिथून समुद्रात जातो, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी ठरवली आणि मैदानवाल्यांना आठ वर्षांची मुदत दिली. आमच्या मशीनच्या मेकॅनिकने आठ दिवसांचीही दिली नाही.

मी या भानगडीत पडलो तो खेळाडू म्हणून नव्हे, हिशेबापोटी. पाच-पाच जणांचे संघ, टर्फचं भाडं दहांत वाटलेलं, आणि ऐनवेळी ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज: "भावांनो, ऑफिसात अडकलोय." रविवारी कसलं ऑफिस, हे विचारायचं नसतं. नऊ जणांत भागाकार नीट जात नाही. मग चिरंजीव हॉलमध्ये येऊन माझ्याकडे, पेपर वाचणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे, नव्या नजरेने बघतात. "बाबा, तू फक्त गोलमध्ये उभा राहा. खेळायचं नाहीये."

संध्याकाळी सातनंतरचा टर्फचा दर ऐकला की वाटतं, तासभर खेळायला नव्हे, कायमचं नावावर करून घ्यायला आलोय. दुपारी दोनचा मात्र जवळजवळ निम्मा. मला आधी वाटलं, मालक सज्जन आहे. खरं गवत मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं, त्यामुळे ते स्वतः गार राहतं. प्लास्टिकला घाम येत नाही. कडक उन्हात असलं मैदान ६० अंशांच्या वर तापतं, आणि वरून काळं रबर. मे महिन्यातल्या दुपारी गोलपोस्टखाली मी डावा पाय टेकवायचो तेव्हा उजवा उचललेला असायचा, आणि उलट. बचावफळीतला एक मुलगा मागे वळून कौतुकाने म्हणाला, "काका, काय फूटवर्क आहे!"

त्या कौतुकाच्या भरात मी झेप घेतली. चेंडू अडला, हे आधी नोंदवून ठेवतो. पण चिखलात पडलेला माणूस घसरतो, टर्फवर पडलेला माणूस सोलला जातो. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी मी तिथेच ठेवून आलो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कापूस लावता लावता विचारलं, "स्कूटर घसरली का?" म्हटलं, "नाही, गवतावर पडलो." त्यांनी कापूस खाली ठेवला आणि माझं ब्लडप्रेशर घेतलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते घड्याळ. जाळीबाहेर पुढची पार्टी बूट बांधून, आपल्याकडे सावकारासारखी बघत उभी असते. एकदा शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली आणि त्याच क्षणी केअरटेकरची शिट्टी झाली. पोरांनी त्याला नियम समजावला: वेळ संपली तरी पेनल्टी पूर्ण होईपर्यंत सामना वाढवतात, जगभर असंच आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाचशे टाका, दहा पेनल्ट्या मारा."

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णीकाकांकडे हे सगळं सांगायची सोय नाही. प्लास्टिकचं गवत म्हटलं की ते थेट माँट्रियलला पोचतात. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. तोवर आपण दरवेळी कुठलं ना कुठलं पदक घेऊनच परतत होतो. "आमची मनगटं गवतावर घडलेली, आणि यांनी खाली सतरंजी टाकली," हे वाक्य ते चहाच्या पहिल्या घोटाला बोलतात. त्यानंतर चारच वर्षांनी मॉस्कोत सुवर्ण मिळालं की, असं म्हटलं तर, "तिथे होतं कोण?" ही बऱ्याच देशांनी घातलेल्या बहिष्काराची आठवण तयार असते. महागाई, लोकल, नातवाचे मार्क, सगळ्याचं मूळ माँट्रियलला आहे. मला त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबने १९८१ मध्ये हौसेने प्लास्टिक अंथरलं, तर चेंडू असा उसळायला लागला की पाहुणे संघ वैतागले. शेवटी तिथल्या लीगने असली मैदानं बंदच केली. २०१५ चा महिलांचा फुटबॉल विश्वचषक कॅनडात पूर्णपणे कृत्रिम मैदानांवर खेळवला, तेव्हा नामवंत खेळाडू आधीच तक्रार घेऊन कायद्याच्या दारात गेल्या होत्या. पुरुषांचा विश्वचषक मात्र असा कधी झाला नाही. २०२६ साठी तर अमेरिकेतल्या ज्या स्टेडियममध्ये एरवी प्लास्टिक असतं, तिथेही खरं गवत अंथरायचं ठरलं. सोलली जाणारी कातडी कुणाची, यावर बरंच अवलंबून असतं.

पण म्हणून मी गवताच्या बाजूने घोषणा देत फिरणार नाही, कारण खरं सांगायचं तर मी गवतावर कधी खेळलोच नाही. नायगावात वाढलो. तिथे आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल, यांच्या मधल्या एका आठवड्यात जे उगवायचं त्याला गवत म्हणायचं, आणि तेही क्रिकेटवाल्यांच्या पायाखाली जायचं. शिवाजी पार्कच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना विचारा. खिडकीच्या गजांवरची लाल माती पुसण्यात त्यांचा जन्म चाललाय. अंधेरीच्या क्रीडासंकुलात किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये अस्सल हिरवळ आहे, पण ती आपण गॅलरीत बसून बघायची. ज्या कूपरेजवर फुटबॉलचा रोव्हर्स कप व्हायचा, तिथेही कृत्रिम गवत येऊन बरीच वर्षं झाली.

आणि जुलैत टर्फला शिव्या देणारा माणूस कृतघ्न म्हणायचा. गालिच्याला खालून भोकं असतात, त्याखाली खडीचा थर. धो धो पाऊस पडून गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पोरं पुन्हा धावतात. गवताचं तसं नाही. त्याला खेळ झाला की विश्रांती लागते, पाणी, कापणी, खत आणि वर माळी. आपल्या शहरात एकेका मैदानावर पहाटे पाचपासून जी गर्दी असते ती बघता गवताला विश्रांती कोण देणार? इथे माणसाला मिळत नाही.

शिवाय ऊन कुठून आणायचं, हाही प्रश्न आहे. ह्यूस्टनमध्ये १९६५ साली छप्पर असलेलं पहिलं भव्य बेसबॉल स्टेडियम उघडलं, ॲस्ट्रोडोम. आत खरं गवत, वर पारदर्शक तावदानं. खेळाडूंच्या डोळ्यांवर चकाकी यायची, झेल सुटायचे, म्हणून तावदानं रंगवली. ऊन तुटलं आणि गवत मेलं. उरलेला हंगाम त्यांनी मेलेल्या गवताला हिरवा रंग फासून काढला, हे वाचल्यावर मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. पुढच्या वर्षी नायलॉनचं गवत आलं, त्याचं नाव ॲस्ट्रोटर्फ. तिथे मेलेलं गवत बर्म्युडा जातीचं, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वेच्याच कुळातलं. उन्हातान्हात, पायाखाली कितीही तुडवा, ती पुन्हा फुटते. सावली मात्र तिला अजिबात सोसत नाही.

आमच्या सोसायटीत नेमकं हेच झालं. खाली एक चतकोर हिरवळ होती, तिच्यावर मुलांना खेळायला बंदी, हिरवळ खराब होते म्हणून. मग शेजारी चाळीस मजली टॉवर उठला, त्याची सावली दिवसभर आमच्यावर, आणि कुणीही न खेळता हिरवळ खराब झाली. सर्वसाधारण सभेत दोन तास भांडण होऊन प्लास्टिकचं गवत मंजूर झालं. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी जुनीच ठेवली, उगाच खर्च नको. पोरं अजूनही तिच्याकडे बघत बघत टर्फला पैसे भरायला जातात.

या वेळी चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात दूर्वांच्या जुडीचा भाव ऐकून आई तणतणत परत आली. "खाली एवढी हरळी माजलीय आणि पैसे कशाला घालवायचे?" म्हणून तबक घेऊन उतरली. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. मी मागोमाग पोचेपर्यंत ती पाटी ओलांडून, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी ओढत होती. "मेली तुटत कशी नाही!" तेवढ्यात सेक्रेटरी पायजम्यावर धावत आले.

"आजी, अहो आजी, खुडू नका! पाच वर्षांची वॉरंटी आहे त्याला!"

आईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मग बाप्पाला काय वाहू? वॉरंटी कार्ड?"