पान पडायच्या आधीच बोलायची घाई

गेल्या महिन्यात पणजीला गेलो होतो. मांडवीत नांगरलेल्या जहाजांपैकी एकावर, 100-200 च्या पोकर टेबलावर (पानं बघायच्या आधी दोघांना टाकावेच लागतात ते पैसे, 100 आणि 200), माझ्या उजव्या हाताला एक काका होते. बोलण्यावरून कोल्हापूरकडचे. काका बिग ब्लाइंडवर, म्हणजे त्यातले 200 टाकणारे. बटनवरच्या (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरच्या) पोराने 700 केले, बाकी सगळे फोल्ड, म्हणजे डावाबाहेर, काकांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, आणि डीलर फ्लॉप (हातातल्या दोन पानांखेरीज सगळ्यांसाठी मधे पडणारी पहिली तीन पानं) उघडायच्या आत टेबलावर दोन बोटं आपटून म्हणाले, "चेक डार्क!" म्हणजे पान न बघताच, या पाळीला मी पैसे लावत नाही.

फ्लॉप आला : राजा, राजा, तिर्री.

काका खुर्चीत सरळ झाले. "थांब थांब, माझे हजार."

डीलर मुलगी सावंतवाडीची. शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा चेक झालाय."

"अगं, पण मी पान बघितलं कुठं होतं?"

"म्हणूनच तर डार्क, सर."

टेबल फुटलं हसून. फ्लोअर मॅनेजरला बोलावलं. त्याने दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं आणि सांगितलं : पहिली पाळी यांचीच होती, तोंडाने बोलले आहेत, चेक कायम. नियम म्हणून बरोबरच आहे. पण तोवर ट्रे घेऊन चाललेल्या वेटरलाही कळलं होतं की काकांकडे राजा आहे. पोराने निमूट चेक केलं, टर्नला, म्हणजे चौथ्या पानावर, काकांनी हजार लावले, पोराने पानं फेकली. तीन राजांवर काकांना मिळाला 1,500 चा पॉट (मधला पैशांचा ढीग), त्यात 700 स्वतःचेच.

हसलो मीही. पण मला तो अधिकार नव्हता. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर बिग ब्लाइंडला माझ्याकडे किलवरची छक्की-पंजी होती. एकाने 600 केले, दोघे आले, मीही आलो. पॉट 2,500. मूड चांगला होता, दोन डाव नुकतेच मारले होते, आणि ऐटीत "चेक डार्क". फ्लॉप पडला अठ्ठी, सत्ती, चव्वी, तिन्ही वेगवेगळ्या सूटची. माझी सरळ रांग (सलग पाच पानं) पूर्ण! चौघांच्या डावात याहून चांगलं मला काय हवं होतं? पण मी चेक करून बसलो होतो. पुढचे तिघेही चेक. टर्नला नव्वी. मी खुशीत 1,800 लावले, शेवटच्याने रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, आणि शेवटी त्याने गुलाम-दश्शी उलटली. माझ्यापेक्षा वरची रांग. 14,000 गेले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, मी फ्लॉपवर पैसे लावले असते तर तो गेलाच असता असं नाही. पण त्याला न दिसलेल्या 47 पानांत त्याला हवी होती फक्त चार : चार नव्व्या. तेवढ्यासाठी त्याने 2,000 मोजायला हवे होते. मी ते पान त्याला फुकट दिलं. वर "डार्क" म्हणून शो केला तो वेगळाच.

ही सवय आपल्याकडे कुठून आली असेल? डार्क चेक अमेरिकेतही चालतो, त्यांना तर तीन पत्तीचा गंधही नाही. पण आपल्या टेबलांवर तो जेवढ्या रुबाबात म्हटला जातो, त्यामागे मला दिवाळीतली तीन पत्तीच दिसते. माझ्या आजोळी लक्ष्मीपूजनाच्या रात्री सतरंजी पडायची, रुपयाची बूट (प्रत्येकाने आधी टाकायची रक्कम), आणि मामा पत्ते उचलायचेच नाहीत. पाच-पाच, सहा-सहा फेऱ्या ब्लाइंड. आम्ही पोरं डोळे मोठे करून बघायचो. पत्ते बघून चाल करणारा म्हणजे भित्रा, आणि ब्लाइंड खेळणारा म्हणजे मर्द, हे त्या सतरंजीवरच डोक्यात बसलं.

फक्त एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. मामा शूर नव्हते, हिशेबी होते. तीन पत्तीत ब्लाइंडवाल्याला अर्ध्या भावात खेळता येतं. तो दहा टाकतो, तेव्हा पत्ते बघितलेल्याला निदान वीस टाकावे लागतात. म्हणजे न बघण्याची रीतसर किंमत मिळते. त्यात 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात, आणि त्यातल्या 16,440 हातांत काहीही नसतं, जोडीसुद्धा नाही. चारातले जवळजवळ तीन जण पत्ते बघून निराशच होणार असतील, तर अर्ध्या भावात न बघता बसणं हा वेडेपणा नव्हे. पोकरमध्ये ही सूट कुठे आहे? डार्क चेक केला म्हणून समोरच्याला दुप्पट लावावे लागतात का? नाही. स्ट्रॅडल घ्या. तिथेही पानं बघायच्या आधीच पैसे टाकतो, आणि तो महागाचा सौदा आहे असंच मी म्हणेन, पण निदान त्या बदल्यात फ्लॉपच्या आधीच्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलायला तरी मिळतं. डार्क चेकमध्ये हातात काहीच पडत नाही.

आता डार्कवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो खरंच भक्कम आहे, उडवून लावण्यासारखा नाही. "अरे, मी बिग ब्लाइंड, रेझ त्याने केलंय, फ्लॉपवर मी नाहीतरी चेकच करणार होतो. मग आधी म्हटलं तर बिघडलं कुठे?" बऱ्याच फ्लॉपवर हे अगदी खरं आहे. एक्का-राजा-दुर्रीसारखा फ्लॉप आला, तर तो रेझ करणाऱ्याच्या बाजूचा. तिथे सॉल्व्हरसुद्धा (पोकरचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) बिग ब्लाइंडला जवळपास सगळ्याच हातांनी चेक करायला सांगतो. जो माणूस दहा वेळा दहाही हातांनी चेकच करतो, त्याने तो पान पडायच्या आधी केला काय किंवा नंतर केला काय, गणितात फरक नाही.

पण माझ्या हातात दोन पानं असताना उरलेल्या 50 पानांतून फ्लॉप पडू शकतात 19,600. ते काही सगळे एक्का-राजाचे नसतात. सहा-पाच-चार, आठ-सात-चार असे खालचे, जोडलेले फ्लॉप बिग ब्लाइंडच्या घरचे. रेझ करणाऱ्याकडे मोठी पानं, आपल्याकडे ही असली मधली. तिथे स्वतःहून पैसे लावायला जागा असते, त्यातही तीन-चार जण डावात असतील तर जास्तच, कारण सगळे चेक करून पुढचं पान फुकट बघण्याची शक्यता तेव्हा वाढते. डार्क चेक म्हणजे त्या सगळ्या फ्लॉपवरचा हक्क आधीच सोडून देणं. हेडसअपमध्ये (दोघांच्याच डावात) कमी नुकसान, चौघांत जास्त. आणि टर्न-रिव्हरला (चौथ्या आणि शेवटच्या पाचव्या पानाला) डार्क करणारे तर मला कळतच नाहीत. रिव्हरचं एक पान सगळा डाव उलटवतं, आणि तुम्ही त्याच्या आधीच तोंड उघडून मोकळे!

दुसरा मुद्दा : "मी बोर्डकडे (मधल्या पानांकडे) बघत नाही, मी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो." वा! हे तर प्रत्येकाने करावं. फ्लॉप कुठे पळून जात नाही, तो टेबलावर पडलेलाच असतो. ज्या क्षणी पान उघडतं त्या क्षणी समोरच्याचे डोळे चिप्सकडे जातात की छताकडे, ते एकदाच दिसतं. पण त्यासाठी "डार्क" बोलायची गरज कुठे आहे? गप्प बसूनही बघता येतंच की. उलट बोललात की टेबल तुमच्याकडे बघायला लागतं. आणि हा शब्द स्वतःच काहीतरी सांगतो. मी इतकी वर्षं ऐकतोय, तो बहुतेक वेळा कंटाळलेला, नाहीतर दोन पेग झालेला, नाहीतर हातातली पानं फारशी न आवडलेला माणूस म्हणतो. एक्क्यांची जोडी धरून "चेक डार्क" म्हणणारा मी तरी क्वचितच पाहिला.

ॲनेट ओब्रेस्टॅडचं उदाहरण मला दर वेळी ऐकवलं जातं. नॉर्वेची ही मुलगी 2007 मध्ये ऑनलाइन 180 जणांची छोटी टूर्नामेंट स्वतःची पानं झाकून खेळली आणि जिंकली. सगळ्या टूर्नामेंटमध्ये पानं बघितली फक्त एकदा. त्याच वर्षी लंडनला पहिल्या डब्ल्यूएसओपी (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर) युरोपचा मेन इव्हेंट जिंकला, 19 वा वाढदिवस एक दिवसावर असताना. "बघ, न बघता जिंकली!" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तिने काय बघितलं नाही? स्वतःची दोन पानं. बोर्ड ती बघत होती. कोण किती लावतो, कोण पळतो, आपण कोणत्या जागेवर बसलोय, कोणाकडे किती चिप्स उरल्यात, हे सगळं बघत होती. तिने स्वतःच्या हाताची माहिती सोडली आणि बाकीच्यांची सगळी वापरली. डार्क चेकवाला बरोबर उलटं करतो.

काहीही झालं तरी पुढच्या पानावर काय करायचं ते ठरलेलं आहे, अशी वेळ येते, हे मला मान्य आहे. टूर्नामेंटमध्ये चिप्स कमी उरल्यात, बिग ब्लाइंडवर कॉल करायचा आणि फ्लॉप कोणताही येवो, सगळे आत ढकलायचे. याला स्टॉप अँड गो म्हणतात, जुनी आणि चांगली चाल आहे. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर जोडी लागते साधारण तिनात एकदा. म्हणजे समोरच्याकडे एक्का-गुलाम असला, तर दोन तृतीयांश वेळा तो हात चोळत बसलेला असणार. अशा वेळी तुम्ही सगळे आत ढकललेत की त्याला वाटतं, याला काहीतरी लागलं. आणि तो सोडतो. पण तुम्ही फ्लॉपच्या आधीच "ऑल इन डार्क" म्हणालात, तर त्याला ही शंका येणारच कशी? तुम्ही फ्लॉप बघितलाच नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक. तो नुसत्या एक्क्यावर कॉल करेल. निर्णय तोच, चिप्स त्याच, फक्त दहा सेकंद आधी बोलल्यामुळे चाल फुकट गेली.

ऑनलाइनवाल्यांना हे पटकन पटेल असं मला वाटायचं. तिथे पाळी यायच्या आधी "चेक/फोल्ड" वर टिक करून ठेवायची सोय असायची. तोही डार्कच, पण टिक समोरच्याला दिसत नसे. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि त्यातली बरीच पोरं आता मांडवीवर दिसतात. गणित पक्कं असतं त्यांचं. पण तिथे गुपचूप टिक करणारा हात इथे टेबलावर आपटतो!

शेवटच्या दोन-चार चिप्स उरल्यात, 8,000 च्या पॉटमध्ये तुमचे 200, तेव्हा खुशाल डार्कमध्ये टाका, सगळ्यांचा वेळ वाचेल. मात्र दोन दोस्त एकमेकांविरुद्ध डावात असताना "चेक डार्क", "मी पण डार्क" असं रिव्हरपर्यंत चालवतात, ते मला खटकतं. तिसरा कोणी डावात असला तर ती सरळ मिलीभगत दिसते, टूर्नामेंटमध्ये त्याला पेनल्टीही बसू शकते. आणि दुसऱ्याने आपली पाळी यायच्या आत डार्क म्हटलं, मग मधल्याने बेट केली, की फ्लोअरला परत बोलवा. रात्री एक वाजता डीलरवर हा वैताग कशाला?

तर त्या रात्री, साधारण दोनच्या सुमारास, काका परत बिग ब्लाइंडवर. कॉल केला, बोटं वर गेली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि खाली आपटली. "चेक डार्क."

फ्लॉप राणी, नव्वी, दुर्री. समोरच्याने 900 लावले, काकांनी पानं सरकवून दिली.

"बघा," मला म्हणाले, "काय फरक पडला?"