घड्याळ पुसू नका

जुनी, महागडी, तऱ्हेवाईक मनगटी घड्याळं जमवायचं मनात असेल तर सगळ्यात आधी आईची शिकवण विसरा. वस्तू जपावी, वेळच्या वेळी पुसावी, चकचकीत ठेवावी असं तिने सांगितलं असणार. इथे तसं केलंत की बुडालात.

काळी तबकडी वर्षानुवर्षं उन्हं खाऊन चहासारखी तपकिरी झाली, की तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणायचं आणि किंमत चढवायची. बेझलचा, म्हणजे तबकडीभोवतीच्या कड्याचा, रंग उडून राखाडी झाला, तर ते ‘घोस्ट’. तबकडीच्या लॅकरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या, तर ‘स्पायडर’. आमच्या बाहेरच्या भिंतीला अशाच भेगा गेल्या तेव्हा सोसायटीने माणशी वर्गणी काढली होती. नाव सुचलं नाही कुणाला.

पण याच विटलेल्या तबकडीला मुंबईतल्या एखाद्या कारागिराने हौसेने नवा रंग दिला की संपलं. तिचं नाव ‘मुंबई स्पेशल’, आणि जगभरच्या घड्याळवेड्यांत ही चक्क शिवी आहे. एचएमटी, फेवर-ल्यूबा, सीको, कशालाही भगवा नाहीतर मोरपंखी साज चढवून देणारा तो माणूस किती बारीक ब्रशने अंक काढतो, हे बघायच्या फंदात पडू नका. उन्हाने केली ती कला, माणसाने केली ती फसवणूक. (फसवणूक असतेही म्हणा, जुनं अस्सल म्हणून विकलं तर.)

सोन्याचा मोहही सोडा. पातेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ हे मॉडेल १९४१ साली आलं. त्यातली बहुतेक सगळी घड्याळं सोन्याची. स्टीलची ठाऊक आहेत ती अवघी चार. त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. हे लग्नाच्या खरेदीला निघालेल्या मावशीला सांगू नका.

शिवाय जे कुणाला नको असतं तेच घ्या. रोलेक्स डेटोनाची ‘एक्झॉटिक’ तबकडी त्या काळी दुकानात पडून राहायची. मग हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन ती मनगटावर बांधून हिंडला. त्याचं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं, तेही मागच्या बाजूला ‘गाडी जपून चालव’ अशी बायकोची सूचना कोरलेली असताना.

किरणोत्सारी रेडियमचे अंक असलेलं घड्याळ मात्र जेवणाच्या टेबलावर उघडू नका. अंधारातली चमक काही दशकांत मरते, कारण रेडियमसोबतचं झिंक सल्फाइड थकतं. रेडियम स्वतः निम्मं व्हायलाच १६०० वर्षं घेतं. म्हणजे काम बंद, उपद्रव चालू.

एवढी विद्या मिळवून मी आजोबांचं फेवर-ल्यूबा एका जाणकारांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तबकडी पाहिली आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, “रंगवलीय का हो?” वडिलांनी ऐंशीच्या दशकात हौसेने रंगवून घेतली होती. बाहेरची धातूची केसही पॉलिश केली होती. घड्याळ परत माझ्या हातात आलं.

“मूळ डबी आहे?” जाता जाता त्यांनी विचारलं. “नुसत्या डबीलाही गिऱ्हाईक असतं.”

डबी होती. घरी येऊन आईकडे मागितली.

“मग सुया कुठे ठेवू?” ती म्हणाली.